देणं : निरंक

मावशीचं मृत्युपत्र तिच्याच अक्षरातलं होतं. दोन फुलस्केप कागद, पाठची बाजू कोरी, डावीकडे दोन बोटं समास. टेलिफोन खात्यात तीस वर्षं रजेचे अर्ज जसे लिहिले तसंच हेही लिहिलेलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात कपाच्या बुडाचा अर्धगोल डाग. तारीख ९ ऑगस्ट २००९, रविवार. खाली तिची सही आणि तिच्याखाली दोन साक्षीदारांच्या, एक समोरच्या काकूंची आणि एक आमच्या डॉक्टरांची.

मजकूर थोडकाच. मुलुंडचा ब्लॉक मामाच्या बाळूला. बँकेतल्या ठेवींतून आजारपणाचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवून जे उरेल ते बाळूच्या दोन मुलींच्या शिक्षणाला. सगळं नीट पार पाडण्यासाठी एक्झिक्युटर म्हणून माझं नाव. (मला तिने कधी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला ठाऊक असणार.) आणि शेवटच्या परिच्छेदात, सहीच्या अगदी वर, दोन वाक्यं माझ्या सख्ख्या मोठ्या भावाबद्दल: ‘मोठ्याच्या नावे मी काही लिहीत नाही. त्याचं देणं माझ्याच्याने फिटायचं नाही.’

दादाने कागद वाचला, होता तसा घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाला, “शब्द मला, ब्लॉक बाळूला.”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मावशीचे यजमान १९८७ साली गेले, मूलबाळ नव्हतं. मी पुण्यात, बाळू भाड्याच्या खोल्या बदलत कुठे कुठे. ठाण्याहून दर रविवारी मुलुंडला जाणारा एकटा दादा. लाइट बिल, सोसायटीची मीटिंग, गुडघ्याचं ऑपरेशन, हयातीचा दाखला, कोविडच्या दिवसांत खाली वॉचमनकडे ठेवलेली औषधांची पिशवी, सगळं त्यानेच केलं. २०२१ मध्ये मावशी गेली तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर ‘नातं’ या रकान्यात त्याने ‘मुलगा’ लिहिलं होतं. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही.

शिवाय सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नॉमिनी म्हणून नाव होतं दादाचं. बँकेच्या ठेवींवरही त्याचंच. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी, दादानेसुद्धा, ब्लॉक त्याचाच असं इतकी वर्षं धरून ठेवलेलं होतं. आपल्याकडे बहुतेक घरांत हीच समजूत असते, आणि ती चुकीची आहे. पैसे कुणाच्या हातात दिले म्हणजे बँक मोकळी होते, एवढंच नॉमिनेशन सांगतं. त्या हातांनी ते पुढे कायदेशीर वारसाकडे, किंवा मृत्युपत्र असेल तर त्यात ज्याचं नाव असेल त्याच्याकडे पोचवायचे असतात. विम्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे १९८४ सालीच सांगून टाकलं, आणि शेअर्सच्या बाबतीत पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये. (विम्याचा कायदा २०१५ साली बदलला. नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ते पैसे आता त्यांचेच. पण भाचा त्या यादीत बसत नाही.) नॉमिनी हा पोस्टमन असतो, असं आमच्या वकीलबाई म्हणाल्या. दादासमोर म्हणाल्या. मला ती उपमा त्या दिवशी आवडली नाही.

सोसायटीने सांगितलं, प्रोबेट आणा. हा शब्द मी तोवर फक्त वर्तमानपत्रात, बड्या घराण्यांच्या भांडणांत वाचलेला. माझी कल्पना अशी की प्रोबेट म्हणजे कोर्टाने मृत्युपत्र तपासायचं. योग्य आहे का, कुणावर अन्याय तर झाला नाही ना, ते बघायचं आणि मग शिक्का मारायचा. दादाच्या मनातही तेच असावं. पहिल्या भेटीत त्याने वकीलबाईंना बारा वर्षांचा हिशोब सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हे सगळं खरं आहे. पण कोर्ट हे विचारणार नाही.”

“मग काय विचारणार?”

“सही तिची आहे का. शुद्धीत, आपल्या मर्जीने केली का. दोन साक्षीदारांसमोर केली का. आणि हे शेवटचं मृत्युपत्र आहे का. बस.”

पुढच्या पावणेदोन वर्षांत मी जे काही शिकले ते या चार ओळींच्या बाहेर फारसं गेलं नाही. प्रोबेट हा शब्द लॅटिनमधल्या ‘सिद्ध करणं’ या क्रियापदावरून आलेला. सिद्ध काय करायचं, तर हा कागद त्याच व्यक्तीचा आहे. ब्लॉक खरोखर मावशीच्या मालकीचा होता का, हेदेखील प्रोबेट कोर्ट ठरवत नाही. मालकीचं भांडण असेल तर त्यासाठी वेगळा दावा. मावशीने केलं ते बरोबर केलं का, हा प्रश्न तर कुठल्याच दालनात नाही. माणूस शहाणपणाने वागला की नाही यापेक्षा तो स्वतःच्या डोक्याने वागला की नाही, एवढंच कायदा बघतो. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं. नंतर जाणवलं की तसं नसतं, तर मेलेल्या माणसाची प्रत्येक इच्छा जिवंत माणसांच्या मताला टाकावी लागली असती.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात पोटात गोळा आणणारी निघाली. अर्जात मयताचे वारस लिहायचे असतात, म्हणजे मृत्युपत्र नसतंच तर मालमत्ता ज्यांना मिळाली असती ते. मी सहज आमची नावं सांगितली: मी, दादा, बाळू. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही कुणीच नाही,” त्या म्हणाल्या.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा, त्याचं कलम १५. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी नवरा आणि मुलांना. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आईवडील त्याच्याही नंतर, आणि माहेरचे बाकीचे आणखी मागे. आईबापाकडून वारशाने आलेली मालमत्ता असेल तर नियम वेगळा. पण मावशीने ब्लॉक घेतला होता स्वतःच्या पगारातून, खात्याचं कर्ज काढून. म्हणूनच, कष्टाने कमावलेला म्हणूनच, तो सासरच्या वाटेवर होता. २००९ सालचा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वकीलबाईंनी वाचायला दिला. लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकलून दिलेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली एक बाई. मृत्युपत्र न करता गेली. जिने तिला सांभाळलं त्या आईला काही मिळालं नाही, ज्यांनी घराबाहेर काढलं त्यांच्याकडे सगळं गेलं. सहानुभूतीवर कायदा वाकवता येत नाही, असा एकंदर सूर. निकाल २००९ सालचा आणि मावशीचा कागदही २००९ सालचा. तिने तो पेपरात वाचला होता का, हे आता कुणाला विचारणार?

तर मावशीचे कायदेशीर वारस निघाले तिच्या दिराचे दोन मुलगे. एक नागपूरला, एक हैदराबादला. यजमान गेल्यानंतर दोन-तीन लग्नांत दिसले असतील तेवढेच. त्यांना कोर्टाची नोटीस जायची. तिला सायटेशन म्हणतात: तुमचा संबंध पोचतो, येऊन बघा, हरकत असेल तर सांगा. तीस वर्षांत जे एकदाही तिच्या दारात आले नाहीत त्यांना कोर्ट ‘या’ म्हणत होतं, आणि जो दर रविवारी येत होता त्याला साधी नोटीससुद्धा नव्हती.

वहिनीने एकदा चिडून म्हटलंच, “तुम्ही हरकत घ्या ना.” दादा घेणार नव्हता, पण मी विचारून ठेवलं. हरकतीला कॅव्हेट म्हणतात. ते टाकलं की अर्जाचं रीतसर दाव्यात रूपांतर होतं, साक्षी-उलटतपासण्या सुरू होतात आणि वर्षं मोजायचं सोडून द्यावं लागतं. पण कॅव्हेट टाकायलाही मयताच्या मालमत्तेत तुमचा काही हक्क पोचावा लागतो. प्रियंवदा बिर्ला २००४ साली गेल्या, त्याही निपुत्रिक विधवा. मृत्युपत्राने प्रचंड साम्राज्य चार्टर्ड अकाउंटंट राजेंद्रसिंह लोढांकडे गेलं आणि बिर्ला कुटुंब कोर्टात. त्या प्रकरणात कॅव्हेट कुणाला टाकता येतं यावरच भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००८ साली निकाल आला. त्याच वर्षी लोढा स्वतः वारले, पण खटला चालूच राहिला. आमच्या वन-रूम-किचनला लागू पडणारं त्यातलं सार एवढंच की नुसतं नातं किंवा नुसती माया पुरत नाही. हे मृत्युपत्र उद्या रद्द झालं तरी दादाला काही मिळणार नव्हतं. ब्लॉक नागपूर-हैदराबादला गेला असता. म्हणजे त्याला दुखावून घ्यायचा अधिकार होता, हरकतीचा नव्हता.

पुतण्यांचे पत्ते शोधण्यात आमचेच सात महिने गेले. नागपूरकरांनी फोनवर तिसऱ्या वाक्याला सांगितलं, “काकूंनी जे केलं असेल ते केलं असेल, कुठे सही करायची ते सांगा,” आणि संमतीचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून कुरिअरने पाठवलं. हैदराबादकर गप्प. नोटीस पोचल्याची पावती आली, माणूस आला नाही. त्या दिवसांत फोन वाजला की मी आधी एसटीडी कोड बघायची, मोबाइलवर असा काही कोड नसतो हे विसरून. हरकतीची मुदत उलटली. गप्प राहणं हीसुद्धा कायद्यात एक प्रकारची संमतीच.

मग साक्षीदार. मृत्युपत्राला निदान दोन लागतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३. दोघांनी एकाच वेळी हजर असायला हवं असं नाही. पण प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ही माझी सही असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि त्याच्या समोर आपली सही केलेली हवी. स्टॅम्पपेपर लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, टाइप केलेलं हवं असंही नाही. चहाचा डाग चालतो. लोक नेमके ज्या गोष्टींची काळजी करतात त्यांतली एकही सक्तीची नाही, आणि ज्या साक्षीदाराला गंमत म्हणून हाक मारून बोलावतात त्याच्यावर सगळं उभं असतं. कारण पुढे कधीतरी त्या दोघांपैकी निदान एकाने शपथेवर सांगायचं असतं की हे माझ्यासमोर झालं. आमचे डॉक्टर २०१६ सालीच गेले होते. उरल्या काकू, वय एक्क्याऐंशी, मुलाकडे नाशिकला. मावशीने साक्षीदार निवडताना स्वतःपेक्षा मोठे किंवा आपल्याच वयाचे निवडले, ही तिच्या त्या नेटक्या कागदातली एकच चूक. साक्षीला तरुण माणूस बोलवावा.

मी आणि दादा नाशिकला गेलो. काकूंना ऐकू कमी येतं. पण डोकं स्वच्छ. मी मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवला.

“ही माझी सही,” त्या लगेच म्हणाल्या. “तेव्हा माझा हात असा चालायचा बघ.”

“काकू, आधी सही कुणी केली?”

“तिने. मग डॉक्टरांनी. मला म्हणाली, वाचायचं नाही हं, फक्त सही करायची. मी म्हटलं, अगं, वाचल्याशिवाय कशी करू? तर म्हणाली, तुम्ही माझ्या सहीच्या साक्षीदार, माझ्या मनाच्या नाही.”

वकीलबाईंना नंतर हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. कायदा नेमका हाच आहे. साक्षीदाराला आतला मजकूर ठाऊक असण्याची गरज नाही. टेलिफोन खात्यातल्या बाईला हे कुणी सांगितलं, देव जाणे.

“डॉक्टर म्हणाले, काही टेन्शन आहे का?” काकू पुढे सांगत होत्या. “ती म्हणाली, छे, चहा घ्या. आणि कप ठेवला तो त्याच कागदावर! डॉक्टरांनी उचलला. म्हणाले, आता परत लिहा. तर म्हणाली, कागद मोजून आणलेत.” मग दादाकडे बघून, “तूच आणले होतेस ना रे फुलस्केप? खालच्या दुकानातून. तिला बँकेचा अर्ज लिहायचाय म्हणून.”

दादाला आठवत नव्हतं. म्हणजे आधी आठवत नव्हतं. परतताना कसारा घाटात तो एकदम म्हणाला, “चार आणले होते. तिने दोनचेच पैसे दिले, म्हणाली दोन तुझे तू ठेव.” यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकूंचं प्रतिज्ञापत्र झालं. २००९ ची सही आणि आताची सही यांत एवढा फरक की नोटरीने दोनदा वर पाहिलं. काकू त्याला म्हणाल्या, “माणूस तोच आहे, हात म्हातारा झालाय.”

एक्झिक्युटर म्हणजे काय हे मला या सगळ्यात हळूहळू कळत गेलं. बाई गेली त्या क्षणापासून तिची मालमत्ता कायद्याने एक्झिक्युटरच्या ताब्यात येते. स्वतःसाठी नाही, सांभाळायला. प्रोबेट नंतर मिळतं, पण मिळालं की ते मृत्यूच्या दिवसापासून लागू धरतात, मधल्या काळात केलेल्या कामांना मागाहून बळ येतं. दादाने नॉमिनी म्हणून मिळालेल्या ठेवींचे पैसे मी इस्टेटीसाठी वेगळं खातं उघडलं त्या दिवशी स्वतः येऊन भरले. चेकवर रक्कम पैशांपर्यंत लिहिलेली. मधल्या काळात त्याच्या खात्यात पडलेलं व्याजही त्याने काढून जोडलं होतं, वेगळ्या चिठ्ठीवर. कुणी मागितलं नव्हतं. बाळूने त्याच आठवड्यात मला फोन करून विचारलं होतं, “ताई, साधारण कधीपर्यंत होईल?” त्याचंही चुकलं नाही. त्याच्या भाड्याच्या घराचा करार संपत आला होता आणि धाकटी दहावीत होती.

पैसे कुठल्या क्रमाने द्यायचे हेही कायद्यात लिहिलेलं आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, दवाखाना आणि मृत्यूआधीच्या महिन्याभराच्या राहण्या-जेवणासकट. मग प्रोबेटचा खर्च. मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांत ज्या मजुराने, कारागिराने किंवा घरकाम करणाऱ्या माणसाने मयताची सेवा केली त्याची मजुरी. त्यानंतर बाकीची देणी. आणि सगळं भागल्यावर ज्यांना ठेवलंय त्यांना. १९२५ चा इंग्रजी अमदानीतला कायदा, आणि त्यात कामवाल्या बाईची तीन महिन्यांची मजुरी सावकाराच्या आधी! मला ते वाचून बरं वाटलं. मावशीकडे येणाऱ्या बाईंचा दीड महिन्याचा पगार राहिला होता, तो दिला. त्या कलमांत मी पुन्हा पुन्हा वरखाली बघितलं. भाच्याच्या बारा वर्षांच्या रविवारांना रकाना नव्हता.

आता त्या दोन वाक्यांकडे येते. हायकोर्टात मराठी मृत्युपत्राचं अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. ते आलं तेव्हा वकीलबाईंनी एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून मला बोलावलं. ‘त्याचं देणं माझ्याच्याने फिटायचं नाही’ याचं भाषांतर झालं होतं: ‘द डेट आय ओ हिम कॅनॉट बी रिपेड बाय मी.’ शब्दाला शब्द बरोबर. पण अर्जाला मालमत्तेच्या यादीबरोबर मयताच्या देण्यांचीही यादी लागते, आणि इथे मयताने आपल्या सहीने लिहून ठेवलंय की मी अमुक माणसाचं कर्ज लागते.

“तुमच्या भावाने कधी पैसे दिले होते का त्यांना? उसने?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“लेखी काही?”

“अहो, ते तसं देणं नाही.”

“मला कळतंय,” त्या म्हणाल्या. “मला मराठी कळतं. पण कार्यालयाने विचारलं तर उत्तर तयार हवं.”

त्या संध्याकाळी दादाला फोन करून विचारावं लागलं की मावशी तुझं काही पैशांचं देणं लागत होती का. फोनवर बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “औषधांचे एकदा तीनशे चाळीस राहिले होते. तिने नंतर दिले. सुटे नव्हते म्हणून साडेतीनशे दिले. मीच दहा रुपये लागतो.” आणि हसला. त्या प्रकरणात तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

मी प्रतिज्ञापत्र केलं. देण्यांच्या यादीत लिहिलं, निरंक. शपथेवर सांगितलं की माझ्या माहितीप्रमाणे मयत बाई कुणाचंही काही देणं लागत नव्हत्या, आणि त्याच गठ्ठ्यात, चार पानं आधी, मयत बाई आपल्या हाताने उलटं सांगत होत्या. कायद्याच्या भाषेत मी खरं बोलले. सही करताना हात अडखळला तो अडखळलाच.

प्रोबेट २०२३ मध्ये हातात आलं. कोर्टाचा शिक्का, माझं नाव, आणि मागे मृत्युपत्राची प्रत जोडलेली. हे एका घरापुरतं नसतं. त्या मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल ते सगळ्या जगावर बंधनकारक असतं. ते रद्दही होऊ शकतं, पण त्यासाठी तितकंच सबळ कारण कोर्टापुढे आणावं लागतं. पुढे सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशोब कोर्टाला द्यायचा, हीही शपथ घेतलेली असते. ब्लॉक बाळूच्या नावावर झाला. धाकटी अकरावीत गेली होती.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने १९२५ च्या त्याच उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ काढून टाकलं. मुंबई, चेन्नई आणि जुना बंगाल इलाखा, इथल्या हिंदू मृत्युपत्रांना प्रोबेटशिवाय कोर्टात किंमत नव्हती ती याच कलमामुळे. मूळ १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टमध्ये. पुण्यातल्या माणसाने पुण्यातल्या घराबद्दल लिहिलं तर सक्ती नव्हती, तेच घर मुलुंडला असेल तर सक्ती होती. मुसलमानांना ती नव्हतीच, २००२ साली ख्रिश्चनांनाही सूट मिळाली. इंग्रजांनी आखलेली ही रेघ पुसली गेली ते बरंच झालं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच बातमी आली आणि खाली मामेबहिणीचा मेसेज: ‘ताईची दोन वर्षं फुकट 😄’.

मला तसं वाटत नाही, आणि हे केवळ स्वतःची समजूत म्हणून नाही. सक्ती गेली, प्रश्न गेले नाहीत. उद्या कुणी म्हणालं की ही सही तिची नव्हेच, तर काकूंना तेव्हाही नाशिकहून बोलायला लागणार. आणि तोवर काकू असतील का, हा खरा प्रश्न. ज्या घरात सगळे एकमेकांचा फोन उचलतात तिथे आता हा खटाटोप लागणार नाही, चांगलंच आहे. पण जिथे एक हैदराबाद गप्प आहे तिथे मी आजही म्हणेन, साक्षीदार हिंडते-फिरते आहेत तोवर कोर्टातून सिद्ध करून ठेवा.

हिशोब देऊन झाल्यावर मी कागदपत्रांची पिशवी घेऊन ठाण्याला गेले. एक्झिक्युटर म्हणून माझं काम संपलं होतं. दादाला सगळे आकडे दाखवले. त्याला काही घेणं नव्हतं, तरी त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि एका बेरजेत माझी चूक काढली. मग प्रोबेटच्या मागे जोडलेली प्रत उलटून पाहिली.

“हे झेरॉक्स आहे,” तो म्हणाला. “मूळ कागद कुठाय?”

“कोर्टात. मूळ मृत्युपत्र तिथेच राहतं. आपल्याला परत मिळत नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

झेरॉक्समध्ये चहाचा डाग नुसता करडा दिसत होता, कुणी बोट फिरवल्यासारखा. त्याने तो अंगठ्याने पुसून पाहिला. मग कागद नीट गठ्ठ्यात सरकवून ठेवत त्याने विचारलं, “कुठल्या मजल्यावर असतं गं ते?”